मिस्टर सॅमच्या मुलखात सात दिवस

डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को, प्लेनो, मॅकिनी या पट्ट्यात बरीच मराठी घरं आहेत. तिथल्या कितीतरी जणांची गाडी रोज ज्या टोल रस्त्यावरून धावते, त्याचं नाव सॅम रेबर्न टोलवे. बोलताना नुसतं ‘एसआरटी’. हा टोलचा भाग २६ मैलांचा आहे आणि मॅकिनीपाशी संपतो. पण ज्या राज्यमार्ग १२१ चा तो भाग आहे, तो पुढे ईशान्येला जात राहतो आणि तासाभरात बॉनम या गावी पोचतो. (नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला ‘एच’ उच्चारत नाहीत. ‘बॉनहॅम’ म्हटलं की समोरचा क्षणभर गोंधळतो.)

सॅम रेबर्न, लोकांचे ‘मिस्टर सॅम’, या बॉनमचे वकील. मार्च १९१३ मध्ये ते अमेरिकी प्रतिनिधिगृहात गेले आणि १६ नोव्हेंबर १९६१ ला वारले तेव्हाही तिथले सदस्य होते. ४८ वर्षं ८ महिने, २५ निवडणुका. त्यातली १७ वर्षं ते स्पीकर, म्हणजे त्या सभागृहाचे अध्यक्ष होते. त्या खुर्चीत इतका काळ दुसरं कुणीही बसलेलं नाही. प्लेनो आणि मॅकिनी ज्या कॉलिन काउंटीत येतात ती त्यांच्याच मतदारसंघात होती. तेव्हा तिथे कापूस पिकत असे.

सात दिवसांचा हा बेत आहे: चार दिवस उत्तर टेक्सस आणि रस्ता, एक ऑस्टिन, दोन वॉशिंग्टन. रस्त्याचा क्रम आणि आयुष्याचा क्रम पूर्ण जुळत नाही, पण इंधन आणि वेळ वाचवायचा तर हाच क्रम बरा. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३८ अंशांवर असतो, शिवाय ऑगस्टमध्ये प्रतिनिधिगृहाला सुट्टी असते, म्हणजे सातव्या दिवसाचा मुख्य भागच हुकतो. वसंतात आलात तर फोनवरचे वादळाचे इशारे बंद करू नका.

पहिला दिवस: डॅलस, कॉमर्स, फ्लॅग स्प्रिंग्ज

गाडीशिवाय हा प्रवास होत नाही. भाड्याची गाडी घेताना टोलचं आधी ठरवा. इथल्या टोल रस्त्यांवर पैसे घेणारा माणूस नसतो. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि बिल गाडीमालकाकडे, म्हणजे भाडेकंपनीकडे जातं. कंपनी त्यावर स्वतःचं शुल्क चढवते आणि मूळ दोन-तीन डॉलरचा टोल कैकपट होतो. नकाशाच्या ॲपमध्ये ‘टोल टाळा’ लावून ठेवलं तरी आजच्या रस्त्यात काही बिघडत नाही.

डॅलसहून आंतरराज्य ३० ने पूर्वेला ग्रीनव्हिल, तिथून राज्यमार्ग २४ ने कॉमर्स. डॅलसपासून साधारण ६५ मैल. कॉमर्समध्ये आज ईस्ट टेक्सस ए अँड एम विद्यापीठ आहे. जुन्या पाट्यांवर ‘टेक्सस ए अँड एम–कॉमर्स’ असं नाव सापडेल. ते २०२४ मध्ये बदललं. रेबर्न आले तेव्हा हे विल्यम मेयो यांचं खासगी शिक्षक-महाविद्यालय होतं. पैसे नसलेल्या मुलाला मेयो आधी शिकू देत, फी मागाहून घेत. १९०० साली अठराव्या वर्षी सॅम इथे आला तेव्हा निघताना वडिलांनी हातावर २५ डॉलर ठेवले होते. कॉलेजची घंटा वाजवण्याचं आणि झाडलोटीचं काम करून, मधे शाळेत मास्तरकी करून त्याने १९०३ मध्ये पदवी घेतली. आवारात तासभर पुरे.

त्या २५ डॉलरची किंमत कळायची असेल तर पुढचा टप्पा चुकवू नये. कॉमर्सहून राज्यमार्ग ११ ने वुल्फ सिटी, पुढे ७८ ने उत्तरेला बॉनम, आणि संध्याकाळ व्हायच्या आत बॉनमच्या पूर्वेला डॉड सिटी-विंडमच्या बाजूला वळायचं. फ्लॅग स्प्रिंग्ज ही विखुरलेली वस्ती याच भागातली. रेबर्न कुटुंब १८८७ मध्ये टेनेसीहून इथे आलं आणि ४० एकरांवर कापूस करू लागलं. अकरा भावंडं, सॅम आठवा. इथे एखादी स्मारक-इमारत शोधत बसू नका. इथे जमीन बघायची.

विदर्भातला किंवा मराठवाड्यातला माणूस या जमिनीकडे बघून थबकेल, कारण ही आपलीच माती आहे. मृदाशास्त्रात दोन्हींचा गट एकच: व्हर्टिसोल. चिकणमातीचं प्रमाण भरपूर. पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. टेक्ससमध्ये हिला ‘ब्लॅकलँड’ म्हणतात. पाऊस पडून गेला असेल तर डांबरी रस्ता सोडून गाडी कडेला घालू नका. ही माती चाकाला थरावर थर चढते, मग चाक नुसतं जागेवर फिरतं आणि ओढून काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागतो. जुनी घरं याच मातीमुळे ‘बोडार्क’ नावाच्या झाडाच्या खुंटांवर उभारत. हे लाकूड जमिनीत लवकर कुजत नाही. बॉनम गावाचं मूळ नावही त्या झाडावरूनच ‘बॉय द आर्क’ होतं.

आता हिशेब. एका गाठीला सुमारे ५०० पौंड रुई लागते आणि तेवढ्या रुईसाठी साधारण १,५०० पौंड कापूस वेचावा लागतो, हाताने, वाकून, खांद्यावरची लांब पिशवी ओळीतून ओढत. १८९० च्या दशकात भाव पडले तेव्हा पौंडाला ५ सेंटच्या आसपास मिळत. म्हणजे गाठीला २५ डॉलर. बापाने पोराला दिलं ते त्या पडत्या भावाने एका अख्ख्या गाठीचं मोल होतं.

मुक्काम बॉनमलाच करा. खोल्या कमी आहेत. शनिवार-रविवार असेल तर आधी ठरवा, नाहीतर पश्चिमेला शर्मनपर्यंत जावं लागतं. शाकाहाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: चवळी, राजम्यासारखे पिंटो बीन्स, हिरवा पाला हे सगळं दिसायला शाकाहारी, पण दक्षिणेत ते बहुधा डुकराच्या मांसाचा तुकडा टाकून शिजवतात, आणि मेक्सिकन ठिकाणी बीन्समध्ये चरबी असू शकते. ‘मांस आहे का’ एवढं विचारून भागत नाही. ‘शिजवताना बेकन किंवा लार्ड घातलंय का’ असं विचारा. तळलेली भेंडी आणि मक्याचा पाव सहसा चालून जातो.

दुसरा दिवस: कचेरी आणि घर

सकाळी फॅनिन काउंटीच्या न्यायालयापाशी या. ही चुनखडीची इमारत १८८८ ची, वास्तुकार डब्ल्यू. सी. डॉडसन. १९२९ च्या शेवटच्या दिवशी आग लागली आणि मनोरा गेला. पुढे १९६० च्या दशकात तिच्यावर आधुनिक आवरण चढवलं गेलं आणि मूळ रूप पार झाकलं. ते सगळं उतरवून १८८८ चं रूप परत आणण्याचं काम २०२२ मध्ये पुरं झालं. इथे अजून न्यायालय चालतं, तेव्हा आत जायचं तर कामाचा दिवस हवा आणि खिशातला चाकू गाडीत ठेवायला हवा.

रेबर्न यांची वकिली समजून घ्यायची जागा हीच. १९०६ मध्ये ते टेक्सस विधानसभेवर निवडून आले, ऑस्टिनला अधिवेशनासाठी जाता-येता तिथल्या विद्यापीठात कायद्याचे वर्ग केले आणि १९०८ मध्ये सनद घेऊन बॉनममधल्या एका पेढीत भागीदार झाले. चार वर्षांत ते वॉशिंग्टनच्या वाटेला लागले, म्हणजे वकिलीचा काळ तसा छोटा. मोठा गाजलेला खटला त्यांच्या नावावर नाही. पण एक गोष्ट पक्की नोंदलेली आहे. पेढीच्या अशिलांत सँटा फे रेल्वे कंपनी होती. तिचा पैसा आला की भागीदारांत वाटणी होई, आणि रेबर्न आपला वाटा नाकारत. विधानसभेत रेल्वेच्या कायद्यांवर मत द्यायचं असताना रेल्वेचं मानधन घ्यायचं नाही, इतका साधा हिशेब. आमदारांना मिळणारा रेल्वेचा फुकट पासही त्यांनी घेतला नाही. पुढे वॉशिंग्टनमध्ये आंतरराज्य व्यापाराची समिती त्यांच्याकडे आली. रेल्वे, वीज कंपन्या, शेअरबाजार सगळे तिच्या कक्षेत. तिथे त्यांना दबवायला कुणाच्या हाती काही नव्हतं, त्याचं मूळ या चौकातल्या कचेरीत आहे. मृत्यूनंतर शिल्लक रोकड निघाली ती सुमारे १५,००० डॉलर.

याच चौकात उभं राहून दुसरी बाजूही बघायला हवी. १९०२ पासून टेक्ससमध्ये मत देण्यासाठी डोईपट्टी भरावी लागे, दीड-पावणेदोन डॉलर. गरीब गोरे आणि बहुतेक काळे नागरिक तिथेच गळत. खरी निवडणूक डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत, म्हणजे उमेदवार निवडण्याच्या पक्षांतर्गत मतदानात होई आणि तिथून काळ्यांना बाहेर ठेवलं जाई. ही पद्धत १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेक्ससच्याच खटल्यात मोडली. बायकांना इथे प्राथमिक फेरीत मत मिळालं ते १९१८ मध्ये. १९१२ ला आठ जणांच्या प्राथमिक लढतीत रेबर्न पाचशेहून कमी मतांनी जिंकले, ते अशा गाळलेल्या मतदारयादीवर. त्यांच्या कारकिर्दीचं मोठेपण मान्य करतानाही हे सोडून देता येत नाही.

दुपारी घर. राज्यमार्ग ५६ ने गावाच्या पश्चिमेला दीडेक मैल. १९१६ मध्ये आईवडिलांसाठी बांधलेलं दुमजली लाकडी घर. १९३४ मध्ये वाढवलं तेव्हा पुढचे उंच खांब आले. टेक्सस इतिहास आयोग ते सांभाळतो. आत मार्गदर्शकाबरोबरच फिरता येतं, तेव्हा दुपारी उशिरा पोचून शेवटची फेरी हुकवू नका, आणि सोमवार टाळा. घरातलं सामान बरंचसं कुटुंबाचंच आहे, म्हणून हे संग्रहालयापेक्षा घर वाटतं. रेबर्न यांचं लग्न १९२७ मध्ये मेट्झी जोन्स यांच्याशी झालं आणि तीन महिन्यांच्या आत मोडलं. पुन्हा लग्न नाही. घर चालवलं ते बहीण लुसिंडा यांनी, ज्यांना सगळा गाव ‘मिस लू’ म्हणे.

गॅरेजमधली १९४७ ची काळी कॅडिलॅक नीट बघा. १९४६ च्या निवडणुकीत डेमोक्रॅट हरले, स्पीकरपद गेलं आणि सरकारी गाडीही गेली. तेव्हा सभागृहातल्या सहकाऱ्यांनी माणशी २५ डॉलर काढून ही घेऊन दिली. भेटवस्तू न घेणाऱ्या माणसाने घेतलेली ही जवळजवळ एकमेव मोठी भेट. अडीच हजार डॉलरचा एकच धनादेश कुणाकडूनही आला असता. तो त्यांनी घेतला नसता.

तिसरा दिवस: संगमरवर, कबर, धरण

गावात पांढऱ्या संगमरवराची एक इमारत उठून दिसते: सॅम रेबर्न संग्रहालय. ९ ऑक्टोबर १९५७ ला ग्रंथालय म्हणून उघडली, माजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन आले होते. सुरुवातीचा पैसा म्हणजे १९४९ मध्ये ‘कॉलियर्स’ साप्ताहिकाने दिलेला १०,००० डॉलरचा पुरस्कार. आता ती ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठाच्या ब्रिस्को सेंटर या इतिहास-संग्रहाकडे आहे. घराच्या आणि हिच्या वेळा एकसारख्या नाहीत; दोन्हींच्या त्या आठवड्याच्या वेळा पाहून दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची अदलाबदल करावी लागली तर खुशाल करा.

आत कॅपिटॉलमधल्या, म्हणजे वॉशिंग्टनच्या संसद भवनातल्या स्पीकरच्या दालनाची हुबेहूब प्रतिकृती आहे. पण मुख्य वस्तू म्हणजे पांढऱ्या संगमरवराचं व्यासपीठ. १८५७ ते १९५० या काळात प्रतिनिधिगृहाचं कामकाज याच्यावरून चाललं. गुलामीबंदीची तेरावी घटनादुरुस्ती, दोन महायुद्धांच्या घोषणा, सगळं याच्यासमोर मंजूर झालं. सभागृहाची डागडुजी झाली तेव्हा ते निघालं आणि बॉनमला आलं. त्याच्यासमोर पंधरा मिनिटं काढा, उंची डोळ्यांत साठवा. सातव्या दिवशी कामाला येईल.

इथल्या मांडणीत १९३३ ते १९३६ या चार वर्षांपाशी थांबण्यासारखं आहे. १९३३ चा रोखे कायदा: जनतेला रोखे विकायचे तर कंपनीने खरी माहिती आधी नोंदवायची आणि नोंदणीनंतर २० दिवस थांबायचं. १९३४ चा शेअरबाजार कायदा, ज्यातून बाजारावर देखरेख करणारी ‘एसईसी’ जन्मली. त्याच वर्षी दळणवळण कायदा, त्यातून रेडिओ-टेलिफोनवर देखरेख करणारी ‘एफसीसी’. १९३५ चा वीज कंपन्यांच्या साखळ्या तोडणारा कायदा. हे सारे प्रतिनिधिगृहातून पार नेले रेबर्न यांनी. मसुदा लिहिणारे तरुण वकील वेगळे होते, जेम्स लँडिस, बेंजामिन कोहेन, टॉमस कॉर्कोरन. कलमं समितीत टिकवणं हे रेबर्न यांचं काम. १९३५ ला वीज कंपन्यांनी विरोधाच्या तारांचा (टेलिग्रामचा) पाऊस पाडला. चौकशीत निघालं की पेनसिल्व्हेनियातल्या वॉरन गावातून आलेल्या तारांवर सूचीतून उतरवलेली नावं होती. त्या माणसांना पत्ताच नव्हता. फ्रिस्कोत बसून निवृत्तीचा पैसा शेअर्समध्ये घालणाऱ्या प्रत्येकाचा या चार वर्षांशी संबंध आहे.

विलो वाइल्ड दफनभूमी गावातच. कबर साधी आहे. १८ नोव्हेंबर १९६१ च्या अंत्यविधीला ट्रुमन, आयझेनहॉवर, केनेडी आणि लिंडन जॉन्सन हे चौघे बॉनमच्या फर्स्ट बाप्टिस्ट चर्चमध्ये होते: दोन माजी राष्ट्राध्यक्ष, एक आजी आणि एक पुढचा. स्वादुपिंडाचा कर्करोग होता; ऑगस्टच्या अखेरीस अधिवेशन चालू असताना रेबर्न वॉशिंग्टन सोडून गावी आले ते परत गेले नाहीत.

दुपारनंतर महामार्ग ८२ ने पश्चिमेला बेल्स, तिथून ६९ ने डेनिसन, तीसेक मैल. गावात आयझेनहॉवर यांचं जन्मघर आहे, म्हणजे तेही जन्माने याच मतदारसंघातले. डेनिसन धरण गावाच्या उत्तरेला, राज्यमार्ग ९१ वर. रेड नदीवरचं मातीचं धरण, लांबी १७,२०० फूट, उंची १६५ फूट. १९३८ च्या पूरनियंत्रण कायद्याखाली मंजूर, १९४४ मध्ये पुरं. ओक्लाहोमाच्या गव्हर्नरांनी ते थांबवायला दावा लावला, कारण बुडणारी जमीन बहुतेक त्यांची आणि फायदा टेक्ससचा. १९४१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संघराज्याच्या बाजूने निकाल दिला: खालच्या मिसिसिपीतली नौकानयनाची वाट सांभाळायची तर वरची उपनदी अडवण्याचाही अधिकार येतो. पाणी ६४० फुटांच्या पातळीवर गेलं की सांडव्यावरून वाहतं. तसं १९५७, १९९०, २००७ आणि २०१५ मध्ये झालं. पाऊसकाळात येत असाल तर त्या दिवसाची पातळी बघून निघा, किनाऱ्याचे रस्ते आणि उद्यानं आधी बुडतात. प्लेनो-फ्रिस्कोच्या नळाला या जलाशयाचं पाणी येतं. आता बॉनमजवळच्या नव्या बॉय द आर्क जलाशयाचंही येतं.

चौथा दिवस: दक्षिणेला, बार्टलेटवरून

डेनिसन ते ऑस्टिन सुमारे २७० मैल. आंतरराज्य ३५ वर डॅलस आणि वेको इथे गाडी अडकते. सकाळी सहाला निघालात तर साडेचार तास, आठला निघालात तर सहाही लागतात. टेंपलला महामार्ग सोडा आणि राज्यमार्ग ९५ ने बार्टलेटला या. विटांच्या दुकानांची एक जुनी रांग, बाकी शांतता. ग्रामीण विद्युतीकरण प्रशासनाच्या कर्जातून देशात पहिल्यांदा तारांत वीज खेळली ती या गावाभोवतीच्या शेतांवर, मार्च १९३६ मध्ये.

तेव्हा अमेरिकेत दहातल्या एखाद्याच शेतावर वीज होती. खासगी कंपन्या म्हणत, मैलभर तार ओढायची आणि टोकाला दोन-तीन घरं. खर्च निघत नाही. म्हणून खेड्यात विहिरीचं पाणी हाताने ओढणं, चुलीवर लोखंडी इस्त्र्या तापवणं आणि रॉकेलचा कंदील. रेबर्न यांची आई-बहीण याच कामांतून गेल्या होत्या. सिनेटर नॉरिस आणि रेबर्न यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा मे १९३६ मध्ये आला. रीत अशी: शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढायची, सभासद वर्गणी साधारण ५ डॉलर, सरकार २५ वर्षांच्या मुदतीचं कर्ज देणार, खांब-तारा संस्थेच्या मालकीच्या. नॉरिस यांना खासगी कंपन्यांना यात अजिबात जागा नको होती. रेबर्न यांच्या मसुद्यात त्यांना वाव होता आणि संस्थांना प्राधान्य. दोन सभागृहांची संयुक्त बैठक यावर तुटायला आली होती. सहकारी साखर कारखाना किंवा दूध संघ जवळून पाहिलेल्या मराठी माणसाला या संस्थांचं वार्षिक सभा, संचालक निवडणूक असं कामकाज ओळखीचं वाटेल. आजही त्या चालू आहेत.

पाचवा दिवस: ऑस्टिन

टेक्सस कॅपिटॉल १८८८ चं, लालसर ग्रॅनाइटचं, उंचीला वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलहून थोडं जास्त. बांधकामाचा मोबदला राज्याने रोख न देता ३० लाख एकर जमिनीत दिला. प्रवेश आणि मार्गदर्शित फेरी दोन्ही फुकट. अधिवेशन विषम वर्षी जानेवारीपासून १४० दिवस. त्या काळात गर्दी असते, पण गॅलरीत बसून कामकाज बघता येतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात १९११ मध्ये रेबर्न ७० विरुद्ध ६३ मतांनी स्पीकर झाले. वय २९. आमदारांना तेव्हा पहिल्या ६० दिवसांसाठी रोज ५ डॉलर मिळत, नंतर २. निवडून येताच त्यांनी स्पीकरचे अधिकार आणि कर्तव्यं नेमकी कोणती, हे लिहून काढायला समिती नेमली. माझ्या मते त्यांच्या पुढच्या आयुष्याची किल्ली इथे आहे. खुर्चीवर बसल्यावर आधी नियम कागदावर मागणारा माणूस पुढे तीस वर्षांनी एका मतावर सैन्य कसं वाचवतो, ते दोन दिवसांनी दिसेल. याच सभागृहात त्यांच्याबरोबर सॅम ईली जॉन्सन बसत, लिंडन जॉन्सन यांचे वडील.

अभ्यास करायचा असेल तर दुपारी विद्यापीठातल्या ब्रिस्को सेंटरमध्ये जा. वाचनालयात आधी नोंदणी, मग कागदपत्रांची मागणी, पेन बाहेर ठेवून पेन्सिल. खोकी बाहेरच्या साठ्यातून यायची असतील तर त्याच दिवशी हातात पडत नाहीत. म्हणून मागणी आठवडाभर आधी नोंदवा.

सहावा दिवस: वॉशिंग्टन, रेबर्न इमारत

ऑस्टिनहून वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळाला थेट विमानं मोजकी, कारण १,२५० मैलांपलीकडच्या उड्डाणांवर तिथे कायद्याने मर्यादा आहे. वॉशिंग्टनच्याच डलस या दुसऱ्या विमानतळावर उतरलात तर सिल्व्हर लाइन मेट्रो गाडी न बदलता कॅपिटॉल साउथ स्थानकात आणून सोडते. पासपोर्ट जवळ ठेवा, देशांतर्गत विमानालाही.

प्रतिनिधिगृहाच्या कचेऱ्यांच्या इमारतींपैकी पश्चिमेकडची रेबर्न इमारत १९६५ ची. कामाच्या दिवशी तपासणी करून कुणालाही आत जाता येतं. खोली २१२३ शोधा. ऊर्जा आणि व्यापार समितीच्या सुनावण्या इथे होतात. रेबर्न यांनी १९३१ ते १९३७ सांभाळलेल्या समितीचाच हा पुढचा अवतार. सुनावणी खुली असेल तर रांगेत जो आधी त्याला जागा. अर्धा तास आधी पोचा, विषय गाजत असेल तर दोन तास. कॅपिटॉलला जाणारी भुयारी गाडी पाहुण्यांना कर्मचारी बरोबर असेल तरच मिळते.

सातवा दिवस: कॅपिटॉल

फेरी फुकट, पण वेळ आधी आरक्षित करा. पाण्याची भरलेली बाटली, खाऊ, स्प्रे काहीच आत जात नाही. १८ इंचांहून रुंद पिशवी दारातूनच परत. ही फेरी सभागृहात नेत नाही, हे बरेच जण बाहेर आल्यावर कळून हळहळतात. गॅलरीचा पास वेगळा. परदेशी पासपोर्ट असलेल्यांना तो अभ्यागत केंद्राच्या वरच्या मजल्यावर प्रतिनिधिगृहाच्या टेबलावर मिळतो. अमेरिकेत राहणाऱ्यांनी आपल्या खासदाराच्या कचेरीतून घ्यावा. मंगळवार ते गुरुवार कामकाजाची शक्यता जास्त. फोन, कॅमेरा गॅलरीच्या आधी जमा करावे लागतात.

तळमजल्यावरची एक खोली पाहुण्यांना दाखवत नाहीत, पण माहीत असावी. संध्याकाळी रेबर्न निवडक सदस्यांना घेऊन तिथे बसत. लोक तिला ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’ म्हणत. १२ एप्रिल १९४५ ला उपराष्ट्राध्यक्ष ट्रुमन तिथे आले तेव्हा व्हाइट हाउसला लगेच फोन करण्याचा निरोप त्यांना मिळाला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट वारले होते.

गॅलरीत बसल्यावर मात्र १२ ऑगस्ट १९४१ डोळ्यांपुढे आणा. सक्तीच्या भरतीतल्या जवानांचं एक वर्ष संपत आलं होतं. मुदत १८ महिने वाढवली नाही तर सैन्य विरघळणार. नावं पुकारून मतमोजणी चालू, आणि एका न्यूयॉर्कच्या सदस्याने उठून होकाराचा नकार केला: २०३ विरुद्ध २०२. आणखी कुणी मत फिरवणार हे दिसत होतं. रेबर्न यांनी आकडे जाहीर करून टाकले आणि विरोधी सदस्य ड्यूई शॉर्ट यांची फेरवाचनाची मागणी मान्य केली. नियम असा की फेरवाचनात नोंद बरोबर आहे का एवढंच तपासायचं. मत बदलता येत नाही. फेरवाचन झालं, चूक नाही, विधेयक मंजूर, फेरविचाराचा प्रस्तावही तिथेच निकालात. आरडाओरडा झाला, पण नियमाच्या बाहेर काही घडलेलं नव्हतं. पर्ल हार्बर चार महिन्यांच्या आत आलं.

आपल्याकडचा अध्यक्ष पक्षापासून अंतर राखतो अशी रीत आहे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर, हेही वकील, त्याच काळात ती घडवत होते. अमेरिकेचा स्पीकर बहुमताच्या पक्षाचा उघड नेता असतो. हे लक्षात घेतलं नाही तर १९६१ ची लढाई समजत नाही. कोणतं विधेयक सभागृहापुढे यायचं हे ठरवणाऱ्या नियम समितीत १२ सदस्य: ८ डेमोक्रॅट, ४ रिपब्लिकन. पण समितीचे अध्यक्ष, व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ आणि मिसिसिपीचे कोल्मर रिपब्लिकनांकडे झुकत, ६-६ होई आणि विधेयक अडे. केनेडींचा सारा कार्यक्रम तिथे अडकणार होता. रेबर्न यांनी समिती १५ ची करायचा ठराव आणला आणि ३१ जानेवारीला २१७ विरुद्ध २१२ ने जिंकला. ७९ वर्षांच्या, आजार अजून उघड न झालेल्या माणसाची ही शेवटची मोठी लढत.

वर्णभेदाच्या प्रश्नावर त्यांची चाल संथ होती, आणि बराच काळ चुकीची. झुंडबळीविरोधी विधेयकांना त्यांनी विरोध केला, १९४८ मध्ये ट्रुमन यांच्या नागरी हक्क कार्यक्रमालाही. १९५६ मध्ये दक्षिणेच्या बहुतेक सदस्यांनी शाळांमधल्या एकत्रीकरणाविरुद्ध जाहीरनामा काढला, त्यावर मात्र त्यांनी सही केली नाही, आणि १९५७ चा नागरी हक्क कायदा, यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळानंतरचा पहिला, त्यांच्याच कारकिर्दीत या सभागृहातून पार झाला. टेक्ससच्या तेल कंपन्यांची २७.५ टक्क्यांची करसवलतही त्यांनी अखेरपर्यंत जपली. घरी रेल्वेचा वाटा नाकारणारा माणूस आणि ही सवलत जपणारा माणूस एकच आहे.

गॅलरीतून खाली बघताना स्पीकरची खुर्ची दिसते, तिच्यापुढे अक्रोडाच्या लाकडाचं तीन पायऱ्यांचं व्यासपीठ. १९५० च्या डागडुजीनंतर बसवलेलं. २०३ विरुद्ध २०२ जाहीर झालं ते याच्यावरून नाही. ते तिसऱ्या दिवशी पाहिलेल्या पांढऱ्या दगडावरून, जो आता इथून हजारावर मैल दूर, कापसाच्या काळ्या मातीतल्या गावात आहे. बाहेर पडताना फोन परत घ्यायचा बिल्ला हरवू नका. त्याशिवाय तो मिळायला बराच वेळ जातो.